मार्टिनी आणि माझं नाक

९ मार्च १९८३, बुधवार

हिंगाची डबी उघडून नाकाशी धरली. काही नाही. रॉकेलचा डबा उघडला. काही नाही. शेवटी फिनाइल! डोळ्यांतून पाणी आलं, वास आला नाही.

ताप उतरून पंधरा दिवस झाले. सर्दी गेली की येईल असं वाटत होतं. सर्दी गेली. वासही तिच्याबरोबर गेला.

यशोदा चुलीपाशी होती. "काय करून राह्यले जी मघापासून डबे उघडून?" म्हटलं, मुंग्या लागल्या का पाहतो.

१४ मार्च, सोमवार

वर्ध्याला डॉक्टरकडे जाऊन आलो. घरी सांगितलं दात दाखवायला गेलतो.

डॉक्टर म्हणाले, तापात कधी कधी नाकाची नस मरते. परत येईल तर आपोआप येईल, नाही तर नाही. दवा नाही. वर हसून म्हणाले, "नाकानं पोट भरता का तुम्ही?"

नाकानंच भरलं. बावीस वर्षं पुलगावला फौजेच्या साहेब लोकांच्या मेसमध्ये बार सांभाळला, आत्ता डिसेंबरात घरी बसलो. एवढ्या वर्षांत जिभेला थेंब लावला नाही. लग्नाआधी सासऱ्यानं शब्द घेतला होता — दारूत काम कर, पण दारू घ्यायची नाही. तो पाळला. सारं काम वासावर केलं. बाटली कोणती, किती दिवसांची उघडी, ग्लास नीट धुतला की नाही, सगळं. त्यातली मार्टिनी सर्वांत अवघड. जिन आणि वर्मुथ म्हणजे जडीबुटीची वाइन, दोनच चिजा. बर्फात ढवळायचं, गाळायचं, वर लिंबाच्या सालीला पीळ द्यायचा. दोनच चिजा म्हणून चूक लपत नाही. मेजर साहेब पाहुण्यांना सांगायचे, "चंदर की नाक, बस!"

आता चंदर आहे. नाक दिसायला आहे.

२२ मार्च, मंगळवार

धामणगावचे भैय्याजी घरी आले. जिनिंगवाले, स्टेशनजवळ लॉज आहे. नदीच्या या बाजूला आपल्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, त्या बाजूला सारं खुलं, म्हणून आपल्याकडची सगळी तहानलेली मंडळी तिकडेच जातात. लॉजच्या माडीवर ते मोठा बार काढणार आहेत.

"मुंबईची पार्टी आलती, चंद्रभानजी. मार्टिनी मांगली. आमच्या माणसानं जिनमधी खसचं शरबत टाकून देल्लं! इज्जत गेली ना!"

त्यांना मी हवा. आधी आसपासच्या साऱ्या बारमध्ये फिरायचं — धामणगाव, बडनेरा, अमरावती. कोण मार्टिनी कशी देतो ते चाखायचं, लिहून आणायचं. मग सगळ्यांच्या वरचढ आपली करायची. "पूऱ्या इलाक्यात तुमच्यावाणी नाक नाई," असं यशोदासमोर म्हणाले.

मला वाटलं तीच नाही म्हणेल. तिचा धाकटा भाऊ चिंधू दोन वर्षांपूर्वी हातभट्टीनं मेला. तेव्हापासून ती गावच्या बायांबरोबर नाल्यावर जाऊन दारूची मडकी फोडते. पण ती दाराआडून बोलली, "तिकडं कायदा येगळा हाये. बावीस वर्षं केलं तेच करा. हात लावा, तोंड नोका लावू."

सांगायचं ते तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. दोघंही समोर होते. तोंड उघडलं आणि "हो" निघालं.

तीन महिन्यांनी कोणी तरी मला विचारायला आलं होतं!

२ एप्रिल, शनिवार

दुपारच्या पॅसेंजरनं धामणगाव. स्टेशनसमोरचा बार. मार्टिनी म्हटल्यावर वाढप्यानं मालकाकडे पाहिलं, मालकानं छताकडे. अर्ध्या तासानं ग्लास आला. त्यात हिरवी मिरची उभी!

ग्लास नाकाशी धरून बसलो. एक मिनिट, दोन मिनिटं. पाणी असतं तरी हेच कळलं असतं. वाढप्या पाहत होता. भैय्याजीला काय लिहून देऊ?

घेतला घोट. चौपन्नाव्या वर्षी पहिला.

जळलं. जिभेपासून बेंबीपर्यंत रेघ ओढल्यासारखं. चव कसली, नुसती आग आणि मिरचीचं पाणी. दुसरा घोट रुमालात थुंकला. तिसरा गिळला.

येताना लवंग चावली, बडीशेप खाल्ली. तळव्यावर फुंकर मारून वास घेतला. मीच घेतला! मग माझं मलाच हसू आलं.

यशोदानं पाणी दिलं. काही म्हणाली नाही. वाचलो.

११ एप्रिल, सोमवार

चार बार झाले. वहीत लिहिलं ते इथेही उतरवतो.

कापूस बाजाराजवळचा — गोड. साखरेचा पाक घालतात. ऑलिव्ह म्हणून मिठातलं बोर टाकलं होतं. बोर चांगलं होतं.

बडनेऱ्याचा, स्टेशनबाहेरचा. वर्मुथचं नावच ऐकलेलं नाही. जिन आणि लिंबाचा रस, त्यात बिया तशाच. कडू.

अमरावतीत एक लाल दिव्यांचा बार आहे. तिथं ग्लास नीट, बर्फ भरपूर. पण बर्फात इतका वेळ ठेवतात की अर्धं पाणी. तरी आजवरची सगळ्यांत बरी. गार होती.

जिभेला तेवढंच कळतं. गोड, आंबट, खारट, कडू, गार आणि आग. वासाचा जो भाग होता तो मी आठवून आठवून लिहिला. "जिन उघडी राहिलेली", "साल शिळी". निव्वळ थापा! भैय्याजी वाचून खूश. "असं बारीक कोनाले समजन, बाप्पा!"

खात्री करायला प्रत्येक ठिकाणी दुसरा ग्लास मागवला होता. अमरावतीत तिसराही. तो खात्रीसाठी नव्हता.

२० एप्रिल, बुधवार

आज काम नव्हतं. तरी धामणगावला गेलो.

८ मे, रविवार

बार सुरू झाला. भिंतीला आरसे, पंखे, छापील कार्ड. कार्डावर पहिलं नाव मार्टिनी. भैय्याजीनं कुठून तरी वर्मुथच्या सहा बाटल्या मिळवल्या.

मापं हाताला पाठ आहेत, म्हणून निभतं. ढवळायचं किती ते मनात मोजतो. आर्वीकडचे एक कापूसवाले तीन प्यायले आणि म्हणाले, असं विलायतेत मिळते म्हनतात.

बर्फाचं काम तानबा करतो. तळणीचा आहे, चाळिशीतला, कमी बोलणारा. लाकडी पेटीतली लादी भुशातून काढून धुतो, टोच्यानं फोडतो, तुकडे सारखे करतो. मेसमध्येही असा माणूस नव्हता. मला म्हणाला, "तुमच्यापासून शिकाचं हाये मले."

मी काउंटरखाली वाकून घेतो. पहिली गाडी येण्याआधी एक, मग एक.

२६ मे, गुरुवार

हे लिहायला नको वाटतं. लिहितो.

दुपारी तानबा बर्फाचा तुकडा घेऊन आला. "चंद्रभानजी, पाहा बरं. रसोईवाल्यानं रातभर पेटीत मासोया ठेवल्या असं वाटते. मी धुतलं, तरी वास मारते का? मले समजून नाई राह्यलं. तुमचं नाक पक्कं."

मी वाकलो. दोनदा हुंगल्याचं केलं. आणि म्हटलं, "काही नाही. चालव."

काऊन म्हटलं? "फेकून दे" म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? दुसरी लादी यायला तास लागला असता, एवढंच. पण त्यानं विचारलं आणि माझ्या अंगात तो जुना चंदर उभा राहिला, ज्याला सगळं कळायचं.

संध्याकाळी मेजर साहेब आले. आमचेच, मेसमधले! आता रिटायर. चंदर इथं आहे असं कळलं म्हणून पुलगावहून मुद्दाम आले, सोबत दोन मित्र. मला मिठी मारली. मित्रांना म्हणाले, आता पाहा खरी मार्टिनी.

मी बनवली. बावीस वर्षांचा हात, थेंब सांडला नाही. साहेबांनी घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"चंदर, यह क्या है? मछली?"

मित्र हसले. साहेब हसले नाहीत. माझ्याकडे पाहत राहिले, मी आजारी आहे का असं पाहिल्यासारखे. मग पैसे ठेवून गेले.

भैय्याजी सगळ्यांसमोर तानबावर धावले. "बर्फ कोन पाहते? तू पाहते ना?" तानबानं माझ्याकडे पाहिलं. फक्त पाहिलं. मी फडक्यानं काउंटर पुसत होतो. पुसलेलाच काउंटर पुसत होतो.

मग त्यानं टोच्या धुऊन जागेवर ठेवला, चप्पल घातली आणि जिना उतरला.

२७ मे, शुक्रवार

आज भैय्याजीला सांगतो.

— नाही सांगितलं.

६ जून, सोमवार

तळणीला उतरलो. तानबाचं घर विचारत गेलो. त्याची बायको शकुबाई अंगणात तूर पाखडत होती. तो घरी नव्हता, नागपूरला कुठल्या तरी बर्फाच्या कारखान्यात लागला आहे, महिन्यातून एकदा येईल.

तिनं खाट टाकली, पाणी दिलं. "तुम्ही त्याइचे गुरू न जी? लय नाव सांगत तुमचं."

मी म्हटलं, सांगा चंद्रभान आलता.

"काही निरोप?"

निरोप होता. म्हटलं, काही नाही, सहजच.

तिथून परत गावी यायचं होतं. पुढच्या गाडीनं उलटा धामणगावला गेलो.

२ जुलै, शनिवार

ठरवलं, सात दिवस घ्यायची नाही. देवापुढं नारळ फोडून ठरवलं.

५ जुलै, मंगळवार

हात थरथरतो. मापाचा पेग सांडला, गिऱ्हाइकाच्या शर्टावर उडाला. मग काउंटरखाली वाकून घेतली. थरथर थांबली.

म्हणजे आता हातालाही तीच लागते. नाक गेलं तेव्हा वाटलं होतं, हात आहे.

१९ जुलै, मंगळवार

यशोदा जेवताना म्हणाली, "बारीक झाले तुम्ही. सोडून द्या थे काम. मी तूर निवडाले जाईन, भागन आपलं."

माझा राग उसळला. "मी काय कामातून गेलो?" ताटावरून उठलो. तिनं माझं ताट झाकून ठेवलं.

सोड म्हणाली तेव्हाच सोडायला हवं होतं! पण सोडलं तर नदीपलीकडे कशाला जायचं, हा विचार आधी आला. तिचा नंतर.

१ ऑगस्ट, सोमवार

देवळाच्या पटांगणात बायांची सभा होती. पुरुषांनाही बोलावलं होतं. मी मागे खांबाला टेकून बसलो. सुटीचा दिवस, तरी सकाळीच घेतली होती. आता घरात कुडाच्या मागे बाटली असते.

नाल्यावर पुन्हा भट्ट्या लागल्या म्हणून चर्चा. एक पुरुष ओरडला, "बायका म्हणतीन आणि मानूस सोडन? सोपं हाये का?"

यशोदा उभी राहिली. ती कधी सभेत बोलत नाही, मडकी फोडते. आज बोलली.

"माह्या घरचा मानूस बावीस वर्षं दारूत उभा राह्यला. आजबी दारूतच हाये. कमावते तिथं, पन थेंब नाई लावला तोंडाले. माह्या बापाले शब्द देल्ला व्हता. त्याले जमते, तं तुमाले काऊन नाई जमत?"

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. जवळ बसलेल्या मनकर्णाबाईनं पदर तोंडाला लावला आणि खाली पाहिलं. मी ताठ बसलो. दुसरं काय करणार होतो?

देवा, हिला कधी कळू देऊ नको. एवढं एक कर.

४ ऑगस्ट, गुरुवार

परतीच्या पॅसेंजरमध्ये गावचा रूपराव भेटला. धामणगावच्या ऑइल मिलमध्ये आहे, रोज याच डब्यात असतो. मी शेजारी बसलो तर उठून समोरच्या खिडकीशी गेला. विचारलं, काऊन?

"राग नोका मानू, चंद्रभान भाऊ. सहन नाई होत. लवंग-सोप खाऊन नाई लपत थे. पाडव्यापासून वास येते तुमच्या तोंडाले, अंगाले. पूरा डबा जानते."

घरी आलो. यशोदानं रोजच्यासारखं पाय धुवायला पाणी दिलं, टॉवेल घेऊन जवळ उभी राहिली. चार महिने झाले, ती माझ्यापासून हातभर अंतरावर झोपते.

तिचं नाक शाबूत आहे. सोमवारी सभेत उभी राहिली तेव्हाही होतं.