दाढ आणि ढोल

१२ सप्टेंबर

ती. बाबांना, सा. न. (रागावण्याआधीच तो स्वीकारावा, ही वि. वि.)

बातमी सरळ सांगते. ज्यासाठी तुम्ही मला परदेशी धाडलंत तो दंतवैद्यकाचा पुढचा अभ्यास सोडून मी इथल्याच विद्यापीठात इतिहासाच्या एम.ए.ला नाव घातलं आहे. झालं असं, की समोर उघडं तोंड आलं तरी माझं लक्ष किडीकडे जाईना. ही चांदी कुणी भरली, तेव्हा हा माणूस कुठे राहत होता, स्वतः गेला की कुणी ओढत नेला, हेच विचारत बसायची. सर म्हणाले, बाई, तुम्ही दात बघायला आलात की जबानी घ्यायला. मला प्रश्न पटला.

इतिहासाच्या बाईंनी मुलाखतीत विचारलं, दातांच्या डॉक्टरचं इथे काय काम. मी म्हटलं, ज्याला बोलता येत नाही त्याचं काय झालं ते खुणांवरून ओळखायचं, हेच काम मी आजवर केलं. आता फक्त माणसं जुनी. हे अगदी तुमच्या दवाखान्यातल्या भाषणांच्या थाटात म्हटलं, म्हणूनच प्रवेश मिळाला.

पण तुम्ही नको म्हणालात, तर सत्र संपताच परत येईन. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही टिकावा.

तुमची ठकू

२९ सप्टेंबर

चि. ठकूस, अ. आ. (ते सवयीने, राग वेगळा.)

तुझं पत्र उभ्यानेच वाचलं. दवाखान्यात तुझ्यासाठी दुसरी खुर्ची आणून ठेवली आहे. तिच्यावर तुझ्या आईने फुलाफुलांची चादर घातली आहे. येईल त्याला सांगतो, आमच्या डॉक्टरीणबाई येताहेत. आता काय सांगू, जिवंत माणसांना कंटाळून मेलेल्यांकडे गेल्या? यावर परवा एका रोग्यासमोर मी सविस्तर बोललो. त्याने एका शब्दानेही विरोध केला नाही. तुझी आई म्हणते, त्याच्या तोंडात कापूस होता.

आत्याची अक्कलदाढ अधूनमधून ठणकते. ठकूने सांगितल्याशिवाय हात लावू देणार नाही म्हणते. एक्स-रे सोबत आहे. दोन ओळींत कळव. दोनच. इतिहास नको. तुझ्या अभ्यासाबद्दलचं माझं मत दाढ निघाल्यावर.

रागावलेला, तरी तुझाच,
बाबा

१४ ऑक्टोबर

ती. बाबांना, सा. न.

पहिली ओळ: दाढ आडवी आहे, काढा.

दुसरी ओळ जरा लांबली. तिची सात पानं सोबत आहेत. थोडक्यात, जुन्या काळी इकडे युरोपात दात उपटणारे भर बाजारात मंच मांडायचे. आधी गर्दीपुढे दणदणीत भाषण, मग चिमटा. आणि दात निघताना शेजारी एकजण ढोल बडवायचा, म्हणजे किंकाळी पुढच्या गिऱ्हाइकाला ऐकू जायला नको. बाबा, मी ग्रंथालयात एकटीच हसत सुटले. आपल्या घराण्याचा मूळपुरुष सापडला. ढोल सोडला तर सगळं जुळतं.

चेष्टा पुरे. भाषणं ठोकणाऱ्यांची वर्णनं लोकांनी हौसेने लिहून ठेवली. ओरडणाऱ्यांबद्दल कुणी फारसं लिहिलं नाही. मला त्यांच्यावर लिहायचं आहे. आत्याला धीर, आईला नमस्कार, आणि तुमच्या उत्तराकडे डोळे.

ठकू

२ नोव्हेंबर

चि. ठकूस, अ. आ. (या वेळी मनापासून.)

दाढ निघाली. इंजेक्शन दिल्यावर बधिर होईपर्यंत मी नेहमीसारखा बोलायला लागलो. आत्याने हात वर करून बजावलं, दादा, तुझं भाषण नको, पोरीची पानं वाच. वाचली. ढोलापर्यंत आलो तेव्हा बाहेर बसलेले सगळे आत आले होते. दाढ ताटलीत पडली तरी आत्या उठेना. तोंडात बोळा, आणि बोटाने खूण, पुढे.

मग दारातून हेडमास्तरांनी विचारलं, त्या ढोलवाल्याला तर सगळं ऐकू येत असणार, तो घरी जाऊन काय करायचा. मी सातही पानं पुन्हा उलटून पाहिली, त्यात ते नव्हतं. इतकी वर्षं मी या खोलीत बोलतो आहे, ठकू. मला कुणी प्रश्न विचारला तो त्या दिवशीच.

तर माझं मत. फुलांची चादर मी काढली आहे. दुसऱ्या खुर्चीवर हल्ली ज्यांचं काहीच दुखत नाही असे लोक ऐकायला येऊन बसतात. तिथे तुला जागा उरलेली नाही. सबब परत येण्याची घाई करू नये.

ढोलवाल्याचं मात्र लवकर कळव. हेडमास्तरांचीही एक दाढ काढायची आहे, आणि उत्तर आल्याशिवाय तोंड उघडणार नाही म्हणतात.

लोभ वाढवावा, पानंही वाढवावीत.

तुझा,
भाषणवाला