बुद्ध्यंक बहात्तर आल्याबाबत

प्रति,
मा. प्रमाणन अधिकारी,
बौद्धिक अक्षमता तपासणी विभाग,
सरकारी रुग्णालय.

विषय : थोरल्या बहिणीची बुद्धिमापन चाचणी वेगळ्या प्रश्नसंचावर पुन्हा घेण्याबाबत.
संदर्भ : आपल्या विभागाचे बुद्ध्यंक ७२ दर्शविणारे निकालपत्र.

महोदय,

१. मी पिण्याचे पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. माझी थोरली बहीण, म्हणजे ताई, बौद्धिकदृष्ट्या अक्षम प्रौढांच्या कार्यशाळेत औषधांची खोकी दुमडते. तेथे नाव राहण्यासाठी बुद्ध्यंक सत्तरच्या आत असावा लागतो. तो बहात्तर आल्यामुळे महिनाअखेरीस तिचे नाव कमी होणार आहे. आमच्या घरी आता आम्ही दोघीच आहोत. मी कामावर असताना ती एकटी राहील.

२. चाचणीवर माझा आक्षेप नाही. लहानपणी ताई मुद्दाम ऐकत नाही असे शाळेत समजत आणि तिला छड्या बसत. पहिल्या चाचणीनंतर छड्या थांबल्या. पुढे कार्यशाळाही त्याच कागदावर मिळाली.

३. मात्र दर फेरतपासणीस आपल्याकडे एकच प्रश्नसंच वापरला जातो. आमची आई चाचणीला परीक्षा म्हणे, आणि परीक्षा म्हटली की अभ्यास आला. दाराबाहेरच्या बाकावर बसून ती प्रश्न ऐकून ठेवी आणि पुढे भाजी निवडताना ताईकडून उत्तरे घोकून घेई. यात पास-नापास नसते, असे मी आईला समजावले होते. "तुला काय जातंय सांगायला? तू कधी नापास झालीस?" असे ती म्हणाली. बुद्ध्यंक दर वेळी थोडा चढत गेला. यंदा आई नाही. उत्तरे ताईला पाठ आहेत.

४. "घरात धूर दिसला तर काय कराल?" या प्रश्नास तिला पूर्ण गुण आहेत. गेल्या सुट्टीत मी बाजारातून परतले तेव्हा दूध करपून घरभर धूर झाला होता. ताई शेगडीजवळच्या खुर्चीवर खोकत बसली होती. गॅस बंद करून मी तिला तोच प्रश्न विचारला. "गॅस बंद करायचा, शेजारच्या काकूंना हाक मारायची," असे ती धुरातच, न अडखळता म्हणाली. काकू घरीच होत्या.

५. आपल्या कार्यालयात चौकशी केली असता लिपिक म्हणाले, "अहो बाई, लोक गुण वाढवून मागतात, तुम्ही कमी करून मागताय." सुधारणा झालेल्या व्यक्तीची फेरचाचणी प्रकृती खालावल्याच्या दाखल्याशिवाय होत नाही, असे कळले. ताईची प्रकृती उत्तम आहे. पुढच्या वेळी तिला चुकीची उत्तरे शिकवा, असेही त्यांनी सुचवले. मी प्रयत्न केला. "आईनं असं नाही सांगितलं," म्हणून ती जेवली नाही. मी ते पुन्हा केलेले नाही.

६. तरी ताईने कधीही न ऐकलेल्या प्रश्नांवर चाचणी घ्यावी, ही विनंती.

७. आणखी एक. आपण पास झालो, असे ती काकूंना, दूधवाल्याला आणि जिन्यात भेटेल त्याला सांगत असते. नवा आकडा तिच्यासमोर वाचू नये. निकालपत्र माझ्या हाती द्यावे आणि तिला "छान झालं" एवढेच सांगावे. ते परीक्षकांनीच सांगावे. माझ्या सांगण्यावर तिचा विश्वास उरलेला नाही.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत, नम्र,
(सही)
अर्जदार, धाकटी बहीण
दिनांक : १४ मार्च

सोबत : मागील सर्व निकालपत्रांच्या प्रती, कार्यशाळेचे पत्र.