बांनी तोंड मिटलं

माय,

आज तू असतीस तर माझ्या हातावर फटका मारला असतास, आणि मी तो मुकाट खाल्ला असता. तीन दिवस झाले, अजून माझाच माझ्यावर विश्वास बसत नाहीये.

पर्वत पाटियाजवळच्या वृद्धाश्रमात मी म्हाताऱ्यांचं अंग पुसणं, कपडे बदलणं, सगळं करते. नाश्त्याच्या आत अकरा जण तयार लागतात. सोमवारी पहिल्या खाटेवरच्या काकांचा डायपर बदलला आणि तशीच घाईघाईत शेजारच्या खाटेवरच्या बांकडे, म्हणजे एका गुजराती आजींकडे, वळले. लकव्याने बांची वाचा गेलीय. तोंड साफ करायला गेले, तर त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले. "बा, मों खोलो ने! काय सकाळी सकाळी नखरे?" मी चक्क खेकसले गं. गाल दाबून बोट आत घालणार, तर त्या माझ्या हाताकडेच टक लावून बघत होत्या. मीही बघितलं. अगं माय गं! काकांच्या वेळचेच हातमोजे. बोटाला पिवळं लागलेलं, आणि तेच बांच्या ओठालाही.  हातात मोजे आहेत म्हणजे मी स्वच्छ, एवढंच माझ्या डोक्यात. पण स्वच्छ राहिले ते फक्त माझे हात.

तुला कुठे मिळत होते मोजे! अजून डोळ्यांसमोर आहे, प्रसूतिगृहातली आयाची ड्यूटी संपवून तू नवागामच्या खोलीवर येतेस, मी पळत सुटते, आणि तू दारातूनच ओरडतेस, "शिवू नको!" मग मोरीत कोपरापर्यंत साबण. बाबांना तो शब्द खपत नसे. "आपल्या घरात हे नको. पिढ्यान्‌पिढ्या वरच्या जातींकडून हेच ऐकलंय," म्हणायचे. तू हात चोळत म्हणायचीस, "ते माणसाला म्हणत होते. मी माझ्या हातांना म्हणते." मला मात्र वाटायचं, हिला मी नकोच आहे. मग साबणाने भेगाळलेले तुझे हात गालावर यायचे, तर मी रागाने मान फिरवायचे. किती खुळी होते गं.

बांचे ओठ मी तीनदा पुसले. मोजे टाकले, त्यांच्यासमोर हात धुतले. काही उपयोग नाही. आता त्या कुणाच्याच हातून तोंड उघडत नाहीत. चार-दोन चमचे पाणी कसंबसं जातं. सिस्टर म्हणतात, "बा जिद्दे चड्यां छे," म्हणजे हट्टाला पेटल्यात. उद्या डॉक्टर जेवण भरवायला नाकातून नळी घालणार आहेत.

बांचं डोकं अगदी ठिकाणावर आहे, हे फक्त मला माहीत आहे. त्या दिवशी सिस्टरांनी विचारलं, बांचं तोंड साफ करायचं का राहिलं? मी रजिस्टरात लिहून टाकलं, 'बा तोंड उघडत नाहीत.' का उघडत नाहीत, ते लिहिलं नाही. तीच ओळ वाचून डॉक्टरांनी नळीचं ठरवलं.

हा कागद घडी घालून युनिफॉर्मच्या खिशात ठेवलाय. तुला कुठे पोचणार तो. पण माय, ती ओळ मी अजून दुरुस्त केलेली नाही.