आखाजीची दुसरी घागर

नांदुरा,
चैत्र वद्य षष्ठी, १९६५

प्रिय नीळकंठ,

सहा वर्षांत हे माझं तुला पहिलंच पत्र, आणि सुरुवातीलाच तुला एकेरी हाक मारते आहे. समोरासमोर कधी तशी मारली नव्हती. तू आमच्या ओसरीवर गोपाळला बोलवायला यायचास तेव्हा मी आतून "आले बरं का ते" एवढंच म्हणायची, आणि गोपाळ मुद्दाम मोठ्यानं "ते म्हणजे कोन बाई?" म्हणून मला छळायचा. कागदावर मात्र मला 'तुम्ही' लिहवत नाही. रागावू नकोस, आणि पत्र शेवटपर्यंत वाच. खेळाडूंना धीर नसतो, हे मी घरात बघितलेलं आहे.

तुला तिकडे भुसावळात बसून कल्पना यायची नाही, पण गेला महिनाभर नांदुऱ्यात तुझ्याशिवाय दुसरा विषय नव्हता. कापसाच्या भावाचंसुद्धा कोणी विचारीना. जिनिंगच्या फाटकासमोर रंगरावचं हॉटेल आहे ना, तिथली बाकं दोन तटांत वाटली गेली. एका बाकावर 'बोलवा'वाले, दुसऱ्यावर 'बोलवू नका'वाले. रंगराव दोघांनाही सारखाच पाणचट चहा पाजायचा आणि भांडण विझत आलं की मध्येच एक काडी टाकायचा. स्टेशनजवळच्या न्हाव्यानं एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी करून त्याला तसंच उठवलं, कारण तो म्हणाला की पाय गेलेला खेळाडू काय शिकवणार. तो बिचारा तोंडाला फेस घेऊन बाजारभर फिरला. मी शाळेत चौथीला शिकवते. माझ्या वर्गातल्या मुलीसुद्धा मधल्या सुट्टीत "नीळकंठ येनार, नाही येनार" म्हणत ठिकरी खेळायच्या.

'बोलवा'वाल्यांचे पुढारी म्हणजे आपल्या क्लबाचे अध्यक्ष गुलाबराव. त्यांचं म्हणणं सरळ होतं. "मलकापूरवाले तीन वर्स झाले आपल्याले धुऊन राह्यले. आपले पोट्टे नुसते धावतात, खेळतात काय? नीळकंठानं रेल्वेच्या टीमीत नाव काढलं. आता गुडघ्यानं खेळनं सुटलं, त शिकवाले तरी येऊ द्या त्याले." समोरच्या बाकावर पंजाबराव. तुझ्याच मागे फुलबॅकला खेळायचा, तुझ्याच डब्यातली भाकर खायचा, आणि आता तोच सगळ्यांत कडू बोलायचा. "ज्यानं जानरावचं पोरगं खाल्लं, त्याच्या गळ्यात हार घालता काय बे तुमी?" हे वाक्य ऐकलं की 'बोलवा'वाले चहा अर्धा टाकून उठायचे. जानराव म्हणजे माझे बाबा, आणि ते पोरगं म्हणजे आमचा गोपाळ.

पंजाबराव म्हणतो ते खरं नाही, हे तुला ठाऊक आहे आणि मलाही. खामगावच्या त्या फायनलीत गोपाळच्या पोटात गुडघा बसला तेव्हा तू कप्तान होतास. बदली खेळाडू घ्यायची सोय नव्हती. तू त्याला बाहेर बस म्हणालास आणि त्यानं तुझा हात झटकला, हे जाळ्यामागे उभ्या असलेल्या माणसांनी मला नंतर सांगितलं. बाबांना मात्र एवढंच कळलं की तू त्याच्या तोंडावर पाणी मारलंस, पाठ थोपटलीस आणि त्याला परत गोलात उभं केलंस. पुढचा सबंध वेळ त्यानं एकही गोल होऊ दिला नाही. ढाल आपण जिंकली. मग जलंबच्या फलाटावर गाडीची वाट बघताना, तुझ्या मांडीवर डोकं ठेवून तो गेला. इथे आम्हाला त्यातलं काही माहीत नव्हतं. नांदुऱ्याच्या स्टेशनवर बँड उभा होता. सगळ्यांत पुढे बाबा, हातात हार. गाडी थांबायच्या आत बँड सुरू झाला, आणि डब्यातून तुम्ही चौघांनी गोपाळला उतरवलं तरी वाजवणाऱ्यांना कळेपर्यंत तो वाजतच होता. त्या दिवसानंतर मी कुठल्याही लग्नात वरातीपुढे गेले नाही.

तू तेराव्याला आलास, बाबांनी दार उघडलं नाही, आणि तू गाव सोडलंस. त्या उन्हाळ्यात आपल्या दोघांचं बोलणं व्हायचं होतं. आईनं तर तुझ्या आत्याशी अर्धं बोलूनही ठेवलं होतं. ते तसंच राहिलं. मी त्याबद्दल तुला कधी दोष दिला नाही. पण आठवण आली नाही असंही नाही. भुसावळकडून पॅसेंजर यायची वेळ आणि माझी शाळा सुटायची वेळ एकच आहे. मी रोज रेल्वेच्या फाटकाशी थांबते. फाटक बंदच असतं म्हणून थांबते, असं मी स्वतःला सांगते.

आता घरचं. आमच्याकडे आखाजीला, अक्षय तृतीयेच्या दिवशी, ज्याच्या नावाची त्याची वेगळी घागर भरतात, हे तुला माहीत आहे. नवं मडकं, त्यात विहिरीचं ताजं पाणी, वर खरबूज, आणि त्या माणसाच्या नावानं घराबाहेरचा कोणीतरी पितर म्हणून जेवायला बसवायचा. आजोबांची घागर दरवर्षी भरते. गोपाळची आजवर कधी भरली नाही. बाबा भरू देत नाहीत. पहिल्या वर्षी आई पायाशी पडली तेव्हा ते म्हणाले, "त्याचं अजून व्हाचं हाय." काय व्हायचं आहे ते विचारायची कोणाची छाती झाली नाही. माझी स्थळं आली तीही याच बोलण्यावर परत गेली. "गोपाळचं झाल्याबिगर या घरावर मांडव पडनार नाही." मला ती स्थळं नकोच होती, म्हणून मी तेव्हा मनातून बाबांचे आभार मानले. त्या वाक्याचा अर्थ लावायला हवा, हे सुचलं नाही.

मग क्लबाची सभा झाली. भांडण हातघाईवर आलं होतं. पंजाबरावानं खुर्ची उचलली म्हणतात. आणि सहा वर्षांत क्लबाच्या दाराकडे न फिरकलेले बाबा मागून उठून उभे राहिले. "पोरगं माझं गेलं," ते म्हणाले, "तुमी काऊन भांडून राह्यले? बोलवा त्याले. माझ्या घरी उतरीन तो. औंदा आखाजीले गोपाळची घागर भरतो. पितर म्हनून तोच बसीन." सभा रडली, नीळकंठ. पंजाबरावानं बाबांचे पाय धरले. गुलाबराव दुसऱ्या दिवशी आईला म्हणाले की असा माणूस सगळ्या जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही. मीही त्या दिवशी देवापुढे दिवा लावला. तुझं उत्तर आलं, ते गुलाबरावांनी हॉटेलात सगळ्यांपुढे वाचलं. "जानरावकाकांनी बोलावलं असेल तर मी रांगत येईन." ते माझ्या कानावर आलं आणि मी न्हाणीत दार लावून पोटभर रडले. तुला यायचं आहे ते फुटबॉलसाठी नाही, हे मला त्या एका ओळीत कळलं. तुला बाबांच्या तोंडून एकदा 'ये' ऐकायचं आहे.

पण त्याच सभेतली एक गोष्ट लोक मोठ्या कौतुकानं सांगतात, आणि ती माझ्या मनातून जात नाही. बाबांनी गुलाबरावांना विचारलं म्हणे, "कोनता गुडघा गेला त्याचा?" गुलाबराव म्हणाले, डावा. बाबांनी मान हलवली. लोकांना ती काळजी वाटली. मीही तेव्हा काळजीच समजले.

त्यानंतर बाबा बदलले. चांगले बदलले, असं कोणीही म्हणेल. जेवताना हसतात, शेजाऱ्यांना ओसरीवर बोलावतात. गोपाळची खोली स्वतः सारवून घेतली. आई सुखावली आहे. मला मात्र त्यांचं हसणं बघवत नाही. ते हसतात तेव्हा डोळे कुणाकडेच नसतात.

गेल्या आठवड्यात मी कैऱ्या आणायला मळ्यात गेले. गोपाळच्या नावानं बांधलेला ओटा विहिरीशेजारीच आहे. विहिरीचा कठडा काढलेला दिसला. सगळे दगड एका बाजूला नीट रचून ठेवले आहेत. विचारलं तर बाबा म्हणाले, पावसाळ्याआधी नवा बांधायचा. बांधायचा तर गवंडी कुठे आहे? चुना कुठे आहे? पाणी चैत्रातच तळाला गेलं आहे, आणि खाली नुसता खडक दिसतो. सालदाराचं साल पाडव्याला संपलं, दुसरा ठेवला नाही. आखाजीच्या सकाळी मळ्यात माणूस नको, असं बाबांनीच ठरवलं आहे. गोपाळच्या ओट्यावर घागर तुम्ही दोघांनीच भरायची आणि पाणी तू स्वतःच्या हातानं शेंदायचं. लोकांना हेही फार शोभून दिसलं. डाव्या पायावर जोर न देता उघड्या विहिरीच्या तोंडाशी उभं राहून दोर ओढणारा माणूस मला रोज दिसतो. शिकवताना फळ्यावरसुद्धा दिसतो.

तरी मी स्वतःला वेडी म्हणत होते. बापाबद्दल असं मनात आणणारी मुलगी मी, माझीच मला शरम वाटायची. परवा तानाबाई कुंभारीण घरी आली. बाबा बाहेर होते. तिनं पाटीतून मडकी उतरवली. आजोबांची नेहमीची लहान घागर वेगळी, आणि दोन नव्या, मोठ्या, एकासारख्या एक. आई म्हणाली, एकच सांगितली असेल. तानाबाई म्हणाली, "नाही वो माय, मालकानं दोन सांगतल्या. एक पोराची. मी इचारलं दुसरी कोनाची, त म्हने आखाजीले कळीन." आई घागरींकडे बघत राहिली. मग पदर तोंडात धरून आत गेली, आणि तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. म्हणजे तिलाही कळलं. ती बोलणार नाही. त्या माणसाबरोबर तिनं सगळा जन्म काढला आहे.

ती दुसरी घागर तुझी आहे की बाबांची स्वतःची, हे मला माहीत नाही. तुला खाली लोटून ते काठावर उभे राहतील असं मला वाटत नाही. मला तुम्ही दोघंही जाताना दिसता. हे मी गुलाबरावांना सांगू? ते हसतील. पोलिसांत काय सांगू, की माझ्या बापानं एक मडकं जास्तीचं घेतलं? पंजाबरावाला सांगितलं तर तो बाबांच्या अंगावर धावून जाईल आणि मला घरात थारा उरणार नाही. म्हणून तुला लिहिते आहे. आता बाबा ओसरीतून विचारत आहेत, "कोनाले लिहून राह्यली?" मी सांगितलं, लोणारच्या मावशीला. ते म्हणाले, "बरं." पत्र पेटीत टाकणार नाही. शाळेला जाताना टपालगाडीच्या डब्यातच टाकीन, म्हणजे मध्ये कोणाच्या हाती लागायचं नाही.

येऊ नकोस, नीळकंठ. नोकरी सुटत नाही म्हण, गुडघा दुखतो म्हण, काहीही कळव, पण ते गुलाबरावांना कळव आणि माझं नाव घेऊ नकोस. लोक तुला भित्रा म्हणतील, पंजाबराव पुन्हा त्या बाकावर बसून तेच वाक्य बोलेल. बोलू दे. बाबा म्हणतील की तो आलाच नाही, आणि या वर्षीही गोपाळची घागर भरणार नाही, आणि माझंही काही होणार नाही. ते मला चालेल. आखाजीच्या आदल्या दिवशी मी स्टेशनवर येणार आहे. बँड सांगितलेला आहे, तोच. बाबा हार घेऊन सगळ्यांत पुढे असतील. सहा वर्षं मी त्या गाडीकडे तू उतरशील म्हणून बघत आले. त्या दिवशी एकेक डबा बघत जाईन, आणि तू कुठेच दिसला नाहीस की घरी येऊन आईला सांगेन, एक घागर परत कर.

तुझीच,
प्रेमला