गाडी इकायची न्हाई

आण्णा,

पिकअप अंगणात न्हाई म्हणून घाबरू नका, म्याच नेलीय. काल तुमी भाटघरला आत्याकडं गेलात तवा टाकीतनं डिझेल ओढायचा पंप बदलला. अडलं तिथं मिस्त्रीमामांनी मोबाईलवर सांगितलं, बाकी तुमाला पाने देता देता शिकलेच होते. नळीतली हवा काढली आन दुसऱ्या सेल्फला गाडी चालू! दोडका घेऊन भोरच्या बाजाराला चाललेय.

भाकरी टोपलीत हाय. गोळी जेवल्यावरच घ्या.

आज गाडी बघायला गिऱ्हाईक येईल. त्याला चहा पाजून माघारी धाडा. तुमचा हात अजून उचलत न्हाई म्हणून गाडी कशापायी इकायची? मी चालवीन. तुमी शेजारी बसा. "धने, वळण हाय, हळू!" असं कुणी वरडल्याबिगार मला घाट उतरल्यासारखं वाटतच न्हाई.

तुमची धनू