लांब दांडीचं फूल

पंचवटी, ५ जानेवारी २००३

जाऊबाई,

नमस्कार लिहीत नाही. तीन वर्षांमागं तुमच्या स्नेहलच्या डोहाळजेवणात मी ओटी भरायला आले, तर "वांझेचा हात नको" म्हणून चारचौघींत मला मागं सारलंत. निघताना मात्र सगळ्यांसारखं मलाही तुमच्या बक्षीसवाल्या गुलाबाचं लांब दांडीचं फूल दिलंत.

कलम बांधणं मला कुठं येत होतं? तरी दांडीवरचे तीन डोळे काढून रानगुलाबावर बांधले. एक उलटा बसला, एक काळा पडला. तिसरा फुटला. त्याच्यावरून एवढ्या दिवसांत गल्लीतल्या अकरा घरी कलमं करून दिली.

येत्या रविवारी गुलाबांच्या प्रदर्शनात तुमच्या कुंडीशेजारी त्या अकरा कुंड्या असतील. हे पत्र टाकणार नाही. हात कुणाचा, ते तिथंच चारचौघींत कळू दे.

वांझ हाताची,
छाया