पेले वाजले म्हणून

अहो,

आई शिवन्याला कडेवर घेऊन निघून गेल्यात. मी गच्चीवर कपडे वाळत घालून खाली आले, तर घरात दोघी नाहीत. आईंचा फोन इथंच चार्जिंगला आहे.

चूक माझी. उद्याच्या प्रोग्रामिंगच्या परीक्षेला नवं पायथॉन लागतं. आपल्या जुन्या कॉम्प्युटरवर ते तयार मिळेना, म्हणून सकाळपासून सोर्सकोडवरून कम्पाइल करायला, म्हणजे मुळापासून बनवून घ्यायला लावलंय; त्याला तासन्‌तास लागतात. आतला पंखा जोरात फिरला की कॉम्प्युटरचा डबा थरथरतो, तरी मी तो भांड्यांच्या मांडणीला टेकवून ठेवला. वरचे पेले वाजायला लागले. किल्लारीच्या माणसाला ते कसं वाटेल, माझ्या ध्यानातच आलं नाही. भूकंपात तुम्हालाही त्यांनी असंच उचलून बाहेर नेलं होतं ना?

शेजारच्या मंजुश्रीताई म्हणाल्या, "अनवाणीच पळाल्या गं, रिंग रोडच्या मैदानाकडं. हाक मारली तर वळून बी बघितलं न्हाई." मी तिकडंच चाललेय. मधे रस्त्यावर ट्रक किती असतात, तुम्हाला माहीत आहे.

कम्पाइल सुरू होऊन चार तास झालेत आणि डबा हलवला की सैल वायर निसटते, म्हणून बंद करायला हात धजला नाही. पण माझ्याआधी आई दारात दिसल्या, तर आधी कॉम्प्युटरची वायर काढा. पेले गप्प झाल्याशिवाय त्या लेकराला आत आणायच्या नाहीत.

दामिनी